होडीत राहिलेल्यांची गोष्ट

२०२५च्या जानेवारीअखेरीस अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी टीव्हीवरच्या एका मुलाखतीत जुनाच ख्रिस्ती विचार नव्याने मांडला. माणसाने आधी आपल्या कुटुंबावर प्रेम करावं, मग शेजाऱ्यावर, मग गावावर, मग देशबांधवांवर आणि त्यानंतर उरलेल्या जगावर. विषय अर्थातच स्थलांतरितांचा होता. पंधरवड्याच्या आत पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं. ख्रिस्ती प्रेम घरापासून सुरू होऊन हळूहळू बाहेर पसरत जाणाऱ्या वर्तुळांसारखं नसतं. त्याचा खरा क्रम समजून घ्यायचा तर रस्त्यात पडलेल्या परक्या जखमीला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवर मनन करा, असा त्या उत्तराचा आशय होता.

अमेरिकेतल्या या एडिसन गावात या वादाकडे नुसतं मौज म्हणून बघता येत नाही. लाखभर वस्तीचं हे गाव, त्यात आपली माणसं इतकी की ओक ट्री रोडवर चितळ्यांची बाकरवडी शोधायला फार फिरावं लागत नाही. आणि इथल्या प्रत्येक घराला आप्तांचा क्रम सरकारनेच लावून दिलेला आहे. १९६५च्या कायद्यापासून ही चौकट चालत आली आहे. नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील यांना वार्षिक मर्यादेची रांग नाही. मोठ्या मुलांना आहे. भाऊबहीण सगळ्यांत शेवटच्या वर्गात, आणि भारतातून येणाऱ्यांसाठी ती रांग पंधरा वर्षांहूनही लांब. आत्या, मावशी, पुतण्या, चुलतभाऊ यांच्यासाठी रांगच नाही. कायद्याच्या लेखी ते आप्त नव्हेत. ज्या चुलत्याने फी भरून शिकवलं तो या यादीत कुठेच बसत नाही, हे इथल्या किती घरांत जेवताना बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे.

पोपच्या पत्रावर तारीख होती १० फेब्रुवारी. मराठी वाचकाला ही तारीख दुसऱ्याच कारणाने माहीत असायला हरकत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होती, कडेवर लहानगा दत्तू. नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी तिच्यावर वीज पडावी तशी पडली. पुढे जवळजवळ पाच वर्षं हे दोघं वेगळे राहिले. चाळीसएक वर्षांनी लक्ष्मीबाईंनी ही सगळी हकिगत सांगितली, ती ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४पासून भागाभागाने छापली गेली, आणि शेवटचा भाग बाहेर येईपर्यंत बाई हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. प्रेमाच्या क्रमाचा वाद सोडवायला मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा हे पुस्तक जास्त उपयोगी पडतं.

ख्रिस्ती धर्मग्रंथात नातलगांविषयी दोन सूर आहेत. एक ओळखीचा. आईबापांचा मान राखा, ही दहा आज्ञांपैकी एक. कॅथलिक आणि लूथरन मोजतात तेव्हा ती चौथी येते, बाकीचे प्रॉटेस्टंट मोजतात तेव्हा पाचवी. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांवर संतापतो, जे आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून, म्हणजे देवाला वाहिलेलं म्हणून बाजूला काढतात आणि हात झटकतात. वधस्तंभावर असतानाही तो आईची सोय लावतो, तिला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली करतो. दुसरा सूर अगदी उलटा. आई आणि भाऊ दाराबाहेर उभे आहेत असं कुणी सांगितलं तर येशू भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो की हेच माझे आईभाऊ. जो बापावर किंवा आईवर माझ्याहून जास्त प्रेम करतो तो मला योग्य नाही, असं मत्तयात येतं. लूकात तर त्याहून कडक भाषा आहे. टीकाकारांनी शतकानुशतकं हे दोन सूर जुळवायचा खटाटोप केला आहे. मला त्यांचं न जुळणंच खरं वाटतं.

कारण मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक म्हातारा आहे, त्याचं काय? याकोब आणि योहान हे दोघे भाऊ जाळी नीट करत बसलेले असतात. येशू हाक मारतो. ते उठतात आणि बापाला, जब्दीला, होडीतल्या मोलकऱ्यांबरोबर सोडून निघतात. मोलकऱ्यांचा उल्लेख मार्काने का केला असेल? म्हातारा अगदीच उघड्यावर पडला नाही एवढं तरी वाचकाला कळावं म्हणून, असं मला आपलं वाटतं. मत्तय तीच हकिगत सांगतो आणि मोलकरी गाळून टाकतो. जब्दी काय बोलला हे दोघांनाही सांगावंसं वाटलं नाही. पेत्राला सासू होती, ती तापाने पडलेली असताना येशूने बरी केली, म्हणजे बायको होती हे ओघानेच आलं. पौलाच्या एका पत्रात ती ओझरती दिसते, प्रवासात नवऱ्याबरोबर. तिचं नाव कुठेच नाही. पेत्र जाळी टाकून निघाला त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं, याबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सारखं वाटतं की हे त्या बाईचं पुस्तक आहे.

आता ते कसं लिहिलंय ते पाहू. साठी ओलांडलेली, तीस-पस्तीस वर्षं ख्रिस्ती असलेली बाई आपल्या सत्ताविसाव्या वर्षाचं दुःख सांगते आहे. तेव्हाची ती सोवळ्याओवळ्यातली ब्राह्मण बाई. नवरा ‘बाटला’ म्हणून धाय मोकलून रडलेली. पुढे तिनेच तो धर्म घेतला. असा लेखक साधारणपणे काय करतो? आधीच्या रडण्याला अज्ञान म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मांतरितांच्या आत्मकथनांत हा साचा पक्का आहे; बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’च्या नावातच अंधारातून उजेडाकडे जाणारी वाट दिसते. लक्ष्मीबाई हे करत नाहीत. त्या वेळची बाई त्या वेळच्या मनाने रडते, आणि साठीची लेखिका तिच्या अंगावर नंतरच्या श्रद्धेचा प्रकाश टाकून तिला लहान करत नाही. नवऱ्याचा निर्णय योग्य होता असं आता त्यांना वाटत असूनही, टाकून दिलेल्या बायकोचं गाऱ्हाणं जसंच्या तसं उभं राहतं. मराठीतल्या आत्मचरित्रांत इतकी सचोटी मला क्वचित भेटली आहे. शिवाय हे लिहिणाऱ्या बाईचं शिक्षण म्हणजे नवऱ्याने हट्टाने गिरवून घेतलेली अक्षरं. वाक्यं छोटी, बोलण्यातली. पल्लेदार वाक्याचा मोह बहुधा कधी झालाच नसावा.

नवऱ्याला त्या पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. या टिळकांची पहिली ओळख आपल्याला होते ती न सांगता निघून जाणारा माणूस म्हणून. बाप्तिस्मा खूप पुढे आहे. त्याच्या आधीची वर्षानुवर्षं हा गृहस्थ घरात आहे म्हणता म्हणता नाहीसा होतो, कुठे तरी नोकरी धरतो, सोडतो, परत उगवतो. बायको माहेरी, सासऱ्याच्या करड्या धाकात, बिऱ्हाडात, पुन्हा माहेरी अशी हेलपाटे घालत राहते. लेखिकेने हे प्रसंग एकामागून एक मांडलेत, त्यात एक चलाखी आहे. बाप्तिस्म्यापर्यंत आपण पोचतो तेव्हा ती एका महान आत्म्याची झेप वाटण्याऐवजी याच माणसाचं आणखी एक न सांगता जाणं वाटतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनाने टिळकांना नवा करार दिला आणि तिथून सगळं सुरू झालं, ही टिळकचरित्रातली प्रसिद्ध घटना. चरित्रकाराला ती दैवी संकेत वाटते. बायकोला ती आणखी एक परगावची गाडी. लक्ष्मीबाई दोन्ही अर्थ राहू देतात.

त्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंना कोणी सांभाळलं? बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे यांनी, आणि बाकीच्या नातलगांनीही. इथे मला तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते वचन आठवतं, ज्याचा व्हान्स यांच्या बाजूचे लोक नेहमी आधार घेतात. जो आपल्या घरच्यांची तजवीज करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असा त्याचा मतलब. या वचनाचा डंख बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ते गृहीत धरतं की विश्वास न ठेवणारे आपल्या माणसांची तजवीज करतातच. त्यासाठी ख्रिस्ती व्हावं लागत नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या या पानांत ते अक्षरशः खरं ठरतं. ख्रिस्ती झालेला नवरा दूर, आणि त्याच्या बायकापोरांना पोसतंय ते एक सोवळं ब्राह्मण घर. लक्ष्मीबाई हा टोला मारत नाहीत. त्या फक्त कोणी काय केलं ते सांगत जातात, आणि टोला बसायचा तिथे बसतो.

तरीही टिळकांवर एकतर्फी निकाल देणं बरोबर होणार नाही, कारण पुस्तक तो देऊ देत नाही. इंग्रज सरकारने १८६६मध्येच धर्मांतरितांसाठी कायदा केला होता: जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला नकार देत असेल तर कोर्टाकडून लग्न मोडून घेता येई. त्यामागे पौलाचंच वचन होतं, करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं. विश्वास न ठेवणारी बायको राहायला तयार असेल तर तिला सोडू नये, जात असेल तर जाऊ द्यावं. टिळकांना ही वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. न सांगता निघून जाण्याचं ज्यांना व्यसन होतं, त्या माणसाने पाच वर्षं एका जागी मन रोवून बायकोची वाट बघितली, हे मला त्यांच्या सगळ्या कवितेपेक्षा मोठं वाटतं. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याजवळ गेल्या तेव्हाही त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल टिळकांनी मोडायला लावली नाही.

मोडली ती लक्ष्मीबाईंनी स्वतः. आणि ती कशी मोडली हा या पुस्तकाचा गाभा आहे, असं मी म्हणेन. कुणा मिशनऱ्याचं प्रवचन नाही, नवऱ्याशी वादविवाद नाही. बाई एकटीच विचार करते: जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत जशी वेगवेगळी रूपं तशी माणसांत का नाहीत? उत्तर मिळतं, आणि त्यानंतरची कसोटी अगदी घरगुती आहे. आता कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायचं. या प्रसंगाची किंमत कळायला पुस्तकाचं पहिलं प्रकरण लक्षात ठेवायला हवं. तिथे लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. त्यांच्या सासऱ्यांना सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं, आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचा जो आजार जडला त्याने सगळं घर हैराण करून सोडलं. म्हणजे आपल्याच माणसांना आपल्यापासून दूर ठेवणारी शुद्धता या मुलीने लहानपणीच भोगली होती. जी बाई अशा घरातून येते तिला परक्याच्या हातचं पाणी पिण्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाजवळून आधी याजक जातो, मग लेवी जातो, दोघंही वळसा घालून. शिवाशिवीच्या भयाने, असाही एक अर्थ लावला जातो. पोपनी वाचा म्हटलेली गोष्ट लक्ष्मीबाईंनी अशी स्वयंपाकघरातून वाचली. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे माझी एक तक्रार आहे. बाप्तिस्म्यानंतर बाई स्वतः ‘निघून जाणाऱ्या’ झाल्या. ज्या बहिणीने पाच वर्षं सांभाळलं, तिला आता यांच्या हातचं पाणी चालणार नव्हतं. त्या बाजूचं दुःख, म्हणजे जब्दीचं दुःख दुसऱ्यांदा घडतं तेव्हाचं, मला या पुस्तकात पुरेसं मिळत नाही. टिळकांनी केलेली जखम ज्या बारकाईने येते, त्या बारकाईने स्वतः केलेली येत नाही. कदाचित भिकुताईने एक पुस्तक लिहायला हवं होतं.

अहमदनगरच्या घराची पानं हा पुस्तकातला सर्वांत आनंदाचा भाग. टिळक हे हातातला पैसा दुसऱ्याला देऊन रिकाम्या खिशाने घरी येणारे. अनाथ मुलं, उपाशी विद्यार्थी, कवी, कोणीही घरात यावं आणि राहावं. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या घरातलेच होऊन गेले. ब्राह्मणाचं पोर ख्रिस्ती घरात, त्याच्या खाण्यापिण्याची पंचाईत, त्याचे रुसवे, त्याचा भाबडेपणा; लक्ष्मीबाईंच्या लेखणीला इथे जो लडिवाळपणा सुटतो तो आईचाच आहे. माझे आईभाऊ हेच, असं भोवतीच्या माणसांकडे बोट दाखवून म्हणणं सोपं. त्या आईभावांना दोन वेळा जेवायला कोण घालतं हा प्रश्न शुभवर्तमानकारांना पडला नाही. टिळक जगाला घरात आणत आणि लक्ष्मीबाई पिठाच्या डब्याकडे बघत. या विसंगतीतून त्यांचा विनोद येतो. तो कधी टिळकांना सोडत नाही आणि कधी टाकतही नाही. नवऱ्याच्या उधळेपणावर हसता हसता त्या असं काही सांगून जातात की वाचकाला कळतं, या माणसाचा हिशेब त्यांनी चोख ठेवला होता आणि शेवटी वही बंद केली होती.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रेमाच्या क्रमावर सविस्तर लिहिलं. बापावर जास्त प्रेम करावं की मुलांवर, आईबापांवर की बायकोवर, असे प्रश्न त्याने एकेक घेऊन चर्चिले आहेत. हल्ली त्याचं नाव ‘आधी आपली माणसं’ या मताच्या पाठिंब्याला ओढलं जातं. पण तोच पुढे लिहितो की बाप फारशा अडचणीत नसेल आणि परका माणूस प्राणांतिक गरजेत असेल, तर आधी परक्याला मदत करावी. क्रम आहे, पण गरज तो उलटवू शकते. ऑगस्टीनने त्याआधी म्हटलं होतं की सगळ्यांवर सारखंच प्रेम करायचं, पण सगळ्यांचं भलं करणं शक्य नसतं, म्हणून काळ आणि जागेच्या योगाने जो जवळ आला त्याचं करावं. जवळचा म्हणजे रक्ताचा असंही तिथे म्हटलेलं नाही. आणि खुद्द अक्वायनसची गंमत अशी की तो भिक्षुसंघात जाऊ नये म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला धरून आणून वर्षभर कोंडून ठेवलं होतं. प्रेमाचा क्रम लिहिणारा माणूस स्वतः आईभावांना डावलून निघालेला होता. लक्ष्मीबाईंना अक्वायनस वाचायची संधी नव्हती, गरजही नव्हती. दुष्काळ-प्लेगच्या दिवसांत दारात आलेल्या पोराला आधी भाकरी द्यायची की दत्तूला, हे त्या रोज ठरवत होत्या.

एडिसनमधून हे पुस्तक वाचताना आपली जागा कुठे, हे लपत नाही. आपण जब्दीची मुलं. फरक एवढाच की आपल्याला कुणी देवाने हाक मारली नव्हती. बोलावलं ते एखाद्या कंपनीने. पुण्याला किंवा सांगलीला मागे राहिलेल्यांजवळ मोलकरी आहेत, म्हणजे केअरटेकर, डब्याची सोय, सोसायटीचा वॉचमन, आणि त्यांचा उल्लेख आपणही मार्कासारखा आवर्जून करतो. देणग्यांच्या पाट्यांवर नाव कोरणारे काही हात कुर्बानची आठवण करून देतात, हेही खरं. पण अपराधीपणाचा उमाळा आणण्यासाठी मी हे पुस्तक कुणाला सुचवणार नाही. लक्ष्मीबाईंना रडका वाचक आवडला नसता. मागे राहिलेली बाई नुसती मागे राहत नाही, ती विचार करते, हसते, निकाल देते आणि कधी कधी निघून गेलेल्याच्याही पुढे जाते, हे बघायला ते वाचावं.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. पुन्हा एकदा घर वाऱ्यावर. ९ मे १९१९ला मुंबईत ते वारले. त्यांच्या हातून ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे दहाअकरा अध्यायच झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडलेल्या बाईने.

ज्यांच्या घरातल्या मुलांना देवनागरी सलग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७पासून मिळतो आणि तो चांगला आहे. स्वतः वाचणार असाल तर मात्र मराठीतच वाचा, आणि संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. कापलेल्या पानांत बहुधा भिकुताईच सापडतात.